पाच, पाच, पाच, चार, पाच

ती. अप्पांना
सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय मोडली आहे. मायना चुकला असेल तर तांबड्या शाईने खूण करून ठेवा. फोनवर आपण एक दिवसाआड बोलतोच, पण फोनवर मी ऐकत नाही, नुसती बोलते, असं आईचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. शिवाय ज्या दिवाळी अंकाची प्रुफं तुम्ही अजून तपासता, त्याच अंकाला हे पत्र द्यायचं मी ठरवलंय. म्हणजे ते पोस्टाने न येता प्रूफ म्हणूनच तुमच्यापुढे येईल, आणि ज्या चाकाबद्दल ते आहे, तेच चाक फिरवत तुम्हाला ते वाचावं लागेल.

मागच्या गणपतीत तुमच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकून दिलं. आधीचं विंडोज सुरू होईपर्यंत तुमची अंघोळ आणि पूजा दोन्ही उरकायचं. नवीन मशीन घ्यायला तुम्ही तयार नव्हतात. ‘चालतंय की’ म्हणालात. मग लिनक्स, त्यावर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, मराठी कीबोर्ड, एवढा संसार मांडून मी पुण्याला परतले आणि स्वतःवर फार खूश होते. पंधरा दिवसांत तुमच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या मी एका कागदावर तुमच्याच शब्दांत उतरवून ठेवल्या आहेत. पान उलटं पळतं. बोट उचललं तरी घसरत राहतं. सगळं गायब होतं. खिडकी मिटते. मधेच परकी ओळ येते. चाक थरथरतं.

प्रत्येकीला मी एकच उत्तर दिलं. “सवय होईल, अप्पा.”

चाळीस वर्षं तुम्ही छापखान्यात प्रुफं तपासलीत. ‘माझ्या वेलांट्यांची वाचकाला सवय होईल’ असं एखादा लेखक म्हणाला असता तर तुम्ही त्याला चहासुद्धा विचारला नसता. मी दिवसभर लोकांचे सर्व्हर सांभाळते. तिथे कुणी तक्रार केली की आधी नोंद बघते, मग बोलते. घरच्या माणसाला मात्र न बघताच सांगून मोकळी झाले. म्हणून आता तो कागद पुढ्यात घेऊन एकेक ओळ तपासते.

पहिली तक्रार मी उतरवून घेतानाच चुकले होते. तुम्ही म्हणाला होता, “कधी कधी पान उलटं पळतं.” त्यातलं ‘कधी कधी’ मी गाळलं, आणि सगळी गोम त्यातच होती.

चाकाचा माउस घरोघरी पोचला तो १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाउस काढल्यावर. चाक आपल्याकडे ओढलं की मजकूर वर जातो, ही रीत तेव्हापासून अंगवळणी पडली. त्यामागची कल्पना अशी की कागद जागच्या जागी आहे आणि तुम्ही त्यावरून एक चौकट खाली नेत आहात. चौकट खाली गेली म्हणजे आतला मजकूर वर गेल्यासारखा दिसणार. मग फोन आले. फोनवर चौकट कुणी हलवत नाही. बोट थेट कागदावर असतं, आणि बोट जिकडे जाईल तिकडे कागद जातो. २०११ च्या जुलैत अ‍ॅपलने मॅकच्या ‘लायन’ आवृत्तीत हीच रीत कॉम्प्युटरवर आणली आणि तिला ‘नॅचरल’ असं नाव दिलं. म्हणजे बाकीचे सगळे इतकी वर्षं कृत्रिमच होते की काय! नाव ठेवण्यात ती कंपनी आधीपासूनच हुशार.

तुम्हाला हे मी फोनवर समजावायला गेले तेव्हा तुम्हीच गॅलीची आठवण काढलीत. पानं पाडायच्या आधीचं ते लांबलचक प्रूफ तुम्ही उतरत्या मेजावर ठेवायचात आणि परिच्छेद वाचून झाला की डाव्या तळहाताने वर सारायचात. डोळा एका जागी, कागद चालतोय. उलट कार्यालयातली नोटीस वाचताना कागद भिंतीवर आणि डोळा खाली उतरतोय. दोन्ही वाचनंच. तुमच्या हाताला टचपॅड म्हणजे गॅली, आणि चाक म्हणजे पतपेढीतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरचं चाक, जिथे निवृत्तीनंतर तुम्ही तीन वर्षं हिशेब लिहिलेत. टचपॅडला एक दिशा हवी, चाकाला दुसरी. मी दोन्हींना एकाच फटक्यात नॅचरल करून ठेवलं होतं. माउस जोडला नसेल त्या दिवशी तुम्ही खूश, जोडला की पान उलटं. ‘कधी कधी’चा अर्थ हा.

दुरुस्ती दोन मिनिटांची. सेटिंगमध्ये ‘माउस अँड टचपॅड’ उघडायचं. वर उपकरणांची यादी आहे, तिच्यात एकेक उपकरण निवडता येतं आणि प्रत्येकाची दिशा उलटवायची खूण वेगळी आहे. टचपॅडला खूण, माउसला नाही. ग्नोम आणि केडीई या मोठ्या डेस्कटॉपांतही दोघांची सोय वेगवेगळी असते, त्यामुळे उद्या मशीन बदललं तरी काळजी नको.

मी मात्र हे आधी सरळ वाटेने केलं नव्हतं. दुरून तुमच्या मशीनमध्ये शिरून ‘एक्सइनपुट’ नावाच्या आज्ञेने केलं. फुशारकी, दुसरं काय! त्या आज्ञेला उपकरणाचा क्रमांक सांगावा लागतो किंवा नाव. क्रमांक आटोपशीर म्हणून मी क्रमांक लिहिला. तुमच्या माउसचा होता ११. तो हुकूम ते सत्र चालू आहे तोवरच टिकतो. मशीन बंद केलं की विसरला. म्हणून मी तो रोज सकाळी आपोआप चालेल अशी व्यवस्था केली. पुढे तुम्ही पेनड्राइव्हसाठी माउस काढलात, दुसऱ्या खाचेत लावलात, आणि क्रमांक बदलला. तुमचा फोन आला, “काल दुरुस्त केलंस ते आज पुन्हा बिघडलं.” मी म्हटलं, तुम्ही काहीतरी दाबलं असेल. तुम्ही काही दाबलं नव्हतं, अप्पा. पत्ता मी घर नंबरावर लिहिला होता आणि भाडेकरूने बिऱ्हाड हलवलं होतं.

आता घसरण्याची तक्रार. तुमचं मधलं बोट नीट वळत नाही. दोन बोटांनी सरकवणं जमत नाही म्हणून टचपॅडच्या उजव्या कडेवर एक बोट ओढून पान हलवायची सोय मी करून दिली होती. त्यासाठी जुना ‘सिनॅप्टिक्स’ ड्रायव्हर बसवला, कारण कडेचं सरकवणं म्हटलं की माझ्या डोक्यात तोच होता. त्या ड्रायव्हरला एक खोड आहे. बोट उचलल्यावरही तो स्वतःच खोटे सरकवण्याचे इशारे पाठवत राहतो, जणू सायकलला टांग मारून सोडून दिली आहे. पान झोकात सरकत राहतं, बघायला बरं वाटतं. पण तो झोक चालू असताना तुम्ही काम जपून ठेवायला कंट्रोल आणि एस दाबायला गेलात की घात. कंट्रोल दाबून चाक फिरवलं तर अक्षरं लहानमोठी होतात, हा सगळीकडचा नियम. प्रोग्रामला काय माहीत की चाक कुणीच फिरवत नाहीये? त्याच्याकडे सरकवण्याचे इशारे येत आहेत आणि कंट्रोल दाबलेलं आहे. तो अक्षरं फुगवतो. “जपून ठेवायला गेलो की अक्षरं अंगावर येतात,” असं तुम्ही म्हणाला होता आणि आई शेजारून हसली होती. मीही हसले. ती तक्रार मी कागदावर लिहिलीसुद्धा नाही.

त्या ड्रायव्हरची जागा आता ‘लिबइनपुट’ने घेतली आहे. पीटर हटरर नावाचा रेड हॅटमधला माणूस वर्षानुवर्षं त्याची देखभाल करतो. त्याने या बाबतीत ठाम भूमिका घेतली. झोक देणं हे ड्रायव्हरचं काम नाही. ड्रायव्हरने फक्त ‘बोट उचललं’ एवढी वर्दी द्यायची. पुढे पान घसरू द्यायचं की जागच्या जागी थांबवायचं ते ज्याचं पान आहे त्याने ठरवावं. बऱ्याच लोकांना हे आवडलं नाही, कारण जुन्या ड्रायव्हरमध्ये दहा ठिकाणी पिळायच्या कळी होत्या आणि इथे मोजक्याच. मलाही सुरुवातीला राग आला होता. पण वर्दी देणाऱ्याने वर्दीच द्यावी, आपल्या पदरची भर घालू नये, हे तुमच्या मुलीला तरी पटायला हवं. कंपोझिटरने लेखकाच्या वाक्यात स्वतःचं वाक्य जुळवलं तर तुम्ही काय केलं असतंत? आणि गंमत म्हणजे तुमच्यासारख्या जुन्या, वेगळी बटणं असलेल्या टचपॅडवर कडेचं सरकवणं लिबइनपुटमध्येही आहे. जुना ड्रायव्हर मी परवा काढून टाकला, कडेची सोय ठेवली. घसरण गेली.

‘सगळं गायब होतं’ आणि ‘खिडकी मिटते’ या दोन्ही एक्सएफसीईच्या उत्साहाच्या गोष्टी. मागचा रिकामा पडदा दिसतो ना, तुळशीचा फोटो लावलाय तो? त्याच्यावर बाण असताना चाक फिरलं की डेस्कटॉप पुढच्या दालनात जातो. मी चार दालनं ठेवून दिली होती, स्वतःच्या सवयीने. पहिल्यात तुमचं काम उघडं, आणि चाक जरा फिरलं की तुम्ही दुसऱ्या, रिकाम्या दालनात उभे. काम गेलं कुठे? कुठेच नाही, भिंतीपलीकडे आहे. तसंच खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीवर चाक फिरवलं की खिडकी चटईसारखी गुंडाळली जाऊन नुसती पट्टी उरते. आल्ट दाबून फिरवलं तर सबंध पडदाच भिंगाखाली धरल्यासारखा होतो. तिन्ही गोष्टी ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये बंद करता येतात, मी केल्या आहेत आणि दालन आता एकच आहे. तुमचे ते तीन तास, ज्यात तुम्ही पूर्ण अंकाची प्रुफं हरवली म्हणून संपादकांना फोन करणार होता, त्याबद्दल मात्र मला अजून झोप लागत नाही.

परक्या ओळीकडे येते. ही मला सर्वांत आवडलेली, म्हणजे आता मागे वळून बघताना.

संत्र्याच्या बागेवरचा तो लेख. नीट लिहिलेला, कळशी कळशीने पाणी घालून वाढवलेल्या झाडांचा. त्यात मध्यावर वाक्य आलं: “बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, हे वडिलांनी जेवणानंतर अर्धी गोळी शिकवलं.” तुम्ही ते तिसऱ्या वाचनात पकडलंत. लेखकाला फोन करून विचारलंत की ही विदर्भातली काही म्हण आहे का. तो बिचारा गप्पच झाला.

ती गोळी तुमच्या डॉक्टरांच्या निरोपातली होती. लिनक्समध्ये एक जुनी चाल आहे, एक्स-विंडो पद्धतीपासून आलेली. मजकूर नुसता माउसने रंगवला, ‘कॉपी’ वगैरे काही म्हटलं नाही, तरी तो एका वेगळ्या खिशात जाऊन बसतो. आणि मधलं बटण दाबलं की खिशातून बाहेर येऊन बाण असेल तिथे चिकटतो. ज्याला ठाऊक आहे त्याला ही चाल सोडवत नाही; मी दिवसातून शंभरदा वापरते. पण चाकाच्या माउसला मधलं बटण कुठलं? चाक हेच मधलं बटण. फिरवताना जोर पडला की दाबलं गेलं. सकाळी तुम्ही औषधाचा डोस बघताना ती ओळ रंगवली असणार, दुपारी लेख वाचताना चाक दाबलं गेलं असणार. विंडोजमध्ये हेच झालं असतं तर फार तर एक गोल चिन्ह उगवून पान आपोआप वाहायला लागलं असतं. इथे अर्धी गोळी उगवली.

लिब्रेऑफिसमध्ये याला बंदोबस्त आहे. ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’, त्यात ‘व्ह्यू’, तिथे माउसच्या मधल्या बटणाचं काय करायचं याचे तीन पर्याय दिसतील: काहीच नाही, आपोआप सरकवणं, किंवा खिशातलं चिकटवणं. पहिला निवडून ठेवला आहे. अंक छापून होईपर्यंत त्याला हात लावू नका.

पण माझ्या डोक्यात एक कुसळ राहिलं होतं. इतके दिवस तुम्ही पतपेढीत चाकाचाच माउस वापरलात. चाकावर इतका जोर तुम्ही आत्ताच का द्यायला लागलात?

याचं उत्तर शेवटच्या तक्रारीत होतं आणि ती मी सर्वांत शेवटी उघडली. चाक थरथरतं. पान खाली नेताना मधेच टुणकन वर उडी मारतं आणि परत खाली येतं. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी गृहीतच धरलं की हे लिनक्सचं काहीतरी. दोन संध्याकाळी मी दुरून तुमच्या मशीनमध्ये बसून फायली उलट्यापालट्या केल्या. त्याच सुमारास तुम्ही म्हणाला होता की फायरफॉक्समध्ये चाक फार हळू चालतं. म्हणून मी ‘आयएमव्हील’ नावाचा एक छोटा प्रोग्राम टाकला. चाकाचा एक दात फिरला की तो त्याचे तीन करून पुढे पाठवतो. वेग वाढला खरा, पण थरथरही तिप्पट झाली. आधी पान एकदा उडी मारायचं तिथे आता तीनदा. तुम्ही चाक आणखी घट्ट धरायला लागलात, आणखी दाबायला लागलात. गोळी तिथून आली. माझ्या औषधानेच.

मग मी थांबले, आयएमव्हील बंद ठेवलं आणि तुम्ही करता तसं करायचं ठरवलं. प्रुफात चूक दिसली की तुम्ही लगेच मशीनमनवर ओरडत नाही. लेखकाच्या हस्तलिखितापर्यंत मागे जाता: हस्तलिखित, मग जुळणी, मग गॅली, मग पानं. चूक कुठल्या टप्प्यावर शिरली ते बघता. चाकाचा निरोपही असाच हातोहात येतो. माउस विजेचे ठोके पाठवतो, ते लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल ऐकतो, लिबइनपुट त्याचा अर्थ लावतो, पडदा सांभाळणारा एक्स सर्व्हर तो योग्य खिडकीकडे पोचवतो, आणि किती ओळी सरकायचं हे शेवटी तो प्रोग्राम ठरवतो. लिब्रेऑफिसमध्ये एक दात फिरवला तर जितकं पान जातं तितकं फायरफॉक्समध्ये जात नाही, ते यामुळेच; दोन प्रोग्राम, दोन मतं. (माझ्या मशीनवर एक्सच्या जागी वेलँड आहे. तिथे एक्सइनपुटही चालत नाही आणि आयएमव्हीलही नाही. मी माझ्या पडद्याकडे बघून तुम्हाला ‘इथे दाबा, तिथे दाबा’ सांगत होते आणि तुम्ही ‘इथे तसं काही नाही’ म्हणत होता. तुमचं बरोबर होतं.)

तर एक्सच्या दारात बसून कोण काय निरोप आणतो ते लिहून घेणारा एक साधा प्रोग्राम आहे, ‘एक्सईव्ही’. मी त्याचं चिन्ह तुमच्या पडद्यावर ठेवलं आणि रविवारी सकाळी फोन केला. पांढरी खिडकी उघडली, आत एक छोटा चौकोन. “बाण आत न्या आणि चाक हळूहळू आपल्याकडे फिरवा. मागच्या काळ्या खिडकीत जे उमटेल ते वाचा.”

इथे एक सांगायला हवं. एक्स पद्धत १९८० च्या दशकातली, तेव्हा माउसला चाकच नव्हतं, फक्त बटणं. चाक आलं तेव्हा त्याच्यासाठी नवा शब्द घडवण्याऐवजी लोकांनी ठिगळ लावलं: चाक वर फिरलं की चौथं बटण दाबून सोडलं असं समजायचं, खाली फिरलं की पाचवं. आडवं फिरणाऱ्या चाकांना सहावं आणि सातवं. बटण दाबलं गेलं की नाही एवढंच सांगता येतं. जरासं फिरलं, अर्धवट फिरलं, हे सांगायची सोय नाही. ती आली २०१२ मध्ये, एक्स सर्व्हरच्या १.१२ आवृत्तीबरोबर. साधं चाक दाताला १५ अंश फिरतं, एका फेऱ्यात २४ दात. एका दाताला १२० एकक धरायचे म्हणजे दाताचे बारीक तुकडेही मोजता येतात, ही विंडोजची मोजणी. लिनक्सच्या कर्नलने ती २०१९ मध्ये ५.० या आवृत्तीत घेतली, लिबइनपुटने २०२१ मध्ये. पण ठिगळ अजून जागेवर आहे, आणि त्या रविवारी तेच कामाला आलं.

तुम्ही वाचायला लागलात. आवाज बदलला तुमचा. छापखान्यात कॉपी वाचताना लावायचात तो सपाट, एकही शब्द न उचलता न पाडता केलेला आवाज. मी लहानपणी डबा घेऊन यायचे तेव्हा तो ऐकू यायचा, स्वल्पविराम, अवतरण चालू, अवतरण बंद, पूर्णविराम.

“दाबलं, बटण पाच. सोडलं, बटण पाच. दाबलं, बटण पाच. सोडलं, बटण पाच.”

“नुसते आकडे सांगा, अप्पा. दाबलेलेच.”

“पाच. पाच. पाच. चार. पाच.”

आणि थांबलात.

“मी खालीच फिरवतोय,” तुम्ही म्हणालात. “हे चार कुठून आलं?”

पुन्हा वाचलंत. पाच, पाच, चार, पाच, पाच, पाच, चार. मग मला काही सुचायच्या आत तुम्हीच म्हणालात, “हस्तलिखितातच चूक आहे.”

खात्री म्हणून मी आणखी खाली, कर्नलच्या दारात ‘इव्हटेस्ट’ लावून बघितलं. तिथेही तेच: उणे एक, उणे एक, मधेच अधिक एक. वरच्या कुणाचाच दोष नव्हता. संध्याकाळी तुम्ही शेजारच्या सुनेचा माउस मागून आणलात, त्यावर एकही चार नाही.

चाकाच्या आसाशी एक चिमुकला भाग असतो. त्यात धातूच्या बारीक जिभा एका फिरत्या तबकडीवर घासतात आणि दोन वेगळे ठोके देतात, एक जरा आधी, एक जरा नंतर. कुठला आधी आला यावरून दिशा कळते. धूळ बसली किंवा जिभा झिजल्या की एखादा ठोका चुकतो, क्रम उलटा वाटतो, आणि खाली जाणारं चाक वर गेल्याची बातमी जाते. तुम्हाला हे एका वाक्यात कळलं. “झिजलेला खिळा आहे म्हण की. प्रुफात कितीदा खूण केली तरी पुन्हा तसाच उमटणार.” झिजल्या खिळ्याला जोर देऊन छापलं की कागदाला खड्डा पडतो, हेही तुम्हीच सांगितलंत. मी ते आयएमव्हील तिथल्या तिथे काढून टाकलं.

फायरफॉक्सचा वेग वाढवायची वाट वेगळी आहे, बाकी कुणाला न दुखवणारी. पत्त्याच्या चौकटीत ‘अबाउट कॉन्फिग’ टाकलं की एक मोठं दप्तर उघडतं. तिथे माउसच्या चाकाच्या उभ्या दिशेचा गुणक शोधायचा. तो १०० असतो, मी २०० केला आहे. जास्त वाटला तर सांगा, १५० करू. मी समोर नसताना त्या दप्तरात शिरू नका, तिथे अर्धवट भरलेल्या विहिरी बऱ्याच आहेत.

परवा तुम्ही आणखी एक म्हणालात, की खिडकीच्या उजव्या कडेची सरकवायची पट्टी दिसतच नाही, बाण नेला की उगवते. मी ‘स’ म्हणून तोंड उघडलं होतं, पण मिटलं. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ती कायम दिसावी अशी खूण केली. बाकीच्या खिडक्यांनाही ती लपवू नका असं सांगितलं आहे, पुढच्या वेळी लॉगिन केलंत की लागू होईल. आणि एक तुम्हाला आवडेल असं सापडलं. त्या पट्टीच्या रिकाम्या भागावर डावं बटण दाबलं तर मजकूर थेट त्या जागी उडी मारतो, म्हणूनच तुमचं पान हरवायचं. उजवं दाबलं तर नेमका एक पडदाभर पुढे जातो, ना कमी ना जास्त. शिफ्ट धरून डावं दाबलं तरी तेच. सगळ्या प्रोग्रामांत नाही, पण जीटीके या पायावर बांधलेल्या बहुतेकांत चालतं. वाचनाला ते चाकापेक्षा बरं पडेल, बोटही दुखणार नाही.

नवा माउस उद्या सातारा गाडीने पाठवते, स्टँडवर पार्सल खिडकीत तुमच्या नावाने असेल. चाक जरा जाड आहे, दात मोठे आहेत, पायऱ्या हाताला कळतात. दिशा मी नावावर लावून ठेवली आहे, क्रमांकावर नाही, तेव्हा कुठल्याही खाचेत लावा. पहिल्या दिवशी एक्सईव्ही उघडून दोन मिनिटं आकडे वाचा आणि मला फोन करा. जुना टाकून देऊ नका. दिवाळीला आले की खालचे दोन स्क्रू काढून उघडू. तुमच्याकडे ते घड्याळाचे बारीक पेचकस अजून आहेत ना?

आईला नमस्कार. संत्र्याच्या लेखकाला अंक गेला की कळवा.

तुमची,
मधली